तुझ्या तासांची वही

ऐरोली,
रविवार, सकाळ

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. पण समोर बसून तुझ्या मजुरीचा विषय काढला की "बाबा, आमच्या धंद्यात असं नसतं" म्हणतेस आणि डबा उचलून रबाळ्याला निघतेस. म्हणून कागदावर लिहितोय. उद्या डब्याच्या पिशवीत ठेवेन, दुपारी जेवताना वाच.

दिवाळीनंतर मी गाळ्यावर येऊन बसायला लागलो तेव्हा तुला वाटलं, बाबांचा वेळ जात नाही. तेही खरं होतं. पण नव्या खुर्चीचं लाकूड तू कापायला घेतलंस त्या दिवसापासून मी खिशातल्या वहीत तुझे तास लिहीत होतो. 31 वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, हे टिपायची हाताला सवय आहे.

तिथे एकदा एका कंत्राटी कामगाराचे ओव्हरटाइमचे चार तास माझ्याकडून चढवायचे राहिले. पगाराच्या दिवशी तो खिडकीशी आला, पैसे मोजले, काही बोलला नाही, पुन्हा मोजले. पुढच्या महिन्यात मी ते भरून काढले, पण दुसऱ्यांदा मोजतानाचा त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हाच्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये लिहिलं होतं, दिवसाचे 9 किंवा आठवड्याचे 48 तास उलटले की पुढच्या तासाला दुप्पट दर. तू गाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत पॉलिश पेपर घासत बसतेस, त्याला एकेरी दर तरी लावतेस का?

वहीतला हिशेब असा. एका खुर्चीला सागवान, वाया जाणारं धरून, 3,600 रुपये. वेत 900, विणणाऱ्या काकांची मजुरी 1,500, पॉलिश 600, फेव्हिकॉल आणि पेपर 300, गाळ्याचं भाडं आणि वीज वाटून 1,800. झाले 8,700. तू खुर्ची 14,000 ला दिलीस. उरले 5,300, आणि तुझे तास भरले 41. तासाला 129 रुपये. काका त्याच खुर्चीची बैठक नऊ तासांत विणून गेले, त्यांना तासाला 166 पडले. त्यांना मिळाले ते रास्तच आहे, त्यातला एक रुपयाही कमी करू नकोस. पण ज्या खुर्चीवर त्यांनी वेत विणला, ती ज्या हातांनी घडवली त्यांना त्यांच्याहून कमी का?

त्या 41 तासांतले 11 नुसत्या सांध्यांचे आहेत. मी ते जवळून पाहिलेत. कुसू, म्हणजे लाकडाचं तासलेलं टोक, खाचेत घालून बघायचीस, पुन्हा बाहेर काढायचीस, पटाशीने कागदाएवढी साल काढायचीस, परत घालायचीस. मी विचारलं, बसला की आता? तू म्हणालीस, "हातोडी लागली तर घट्ट आहे, आपोआप आत पडला तर सैल आहे. तळहाताने दाबल्यावर जायला हवा." मग एकदा तो गेला, आत जाताना हलकासा हवेचा आवाज आला, आणि तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. दहावीचा निकाल लागला तेव्हाही तुझा चेहरा असा नव्हता.

आणि हे 41 तास नुसते बनवण्याचे. त्याआधी पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या जोडून तू नमुन्याच्या पाच खुर्च्या केल्यास. तिसरी घरी आणलीस आणि आईला बसवलंस. बैठक साडेचारशे मिलिमीटर उंच होती, बाजारात साधारण तेवढीच असते. आईच्या टाचा जमिनीला टेकेनात. ती काही बोलली नाही, आयुष्यभर तशाच खुर्च्यांवर बसत आलीय. तू खाली बसून तिच्या टाचेखाली बोट सरकवून पाहिलंस, आणि दुसऱ्या दिवशी पाय 25 मिलिमीटर कापून आणलेस. टाचा टेकल्या तशी आई पाठीला टेकून बसली आणि "हां" म्हणाली. माझ्या मते खुर्ची त्या "हां"मध्ये तयार झाली. आणि त्या दिवसाची वहीत एका पैशाचीही नोंद नाही, कारण तुझ्या कोटेशनमध्ये डिझाइनची ओळच नसते.

हे असं का झालं, ते मला ठाऊक आहे. घोडबंदर रोडच्या त्या घरातलं जेवणाचं टेबल. ऑगस्टमध्ये केलंस, हवा दमट, लाकडाने ओल धरलेली. वरची फळी खालच्या चौकटीला स्क्रूने पक्की आवळलीस. त्यांच्याकडे दिवसभर एसी. जानेवारीत फळी आडवी आकसली, सरकायला जागा मिळाली नाही, आणि मधोमध हातभर चीर गेली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, हे तू मला तेव्हा समजावलंस. तू टेबल परत आणलंस, नवीन फळी घातलीस, स्क्रूची भोकं लंबगोल केलीस म्हणजे फळी मागेपुढे होऊ शकेल. तीन आठवडे गेले, एक रुपया घेतला नाहीस. बरोबर केलंस. चूक तुझी होती, ती तू निस्तरलीस.

पण ते टेबल त्या घरी पोचलं तेव्हाच ते देणं फिटलं. त्यानंतर तू प्रत्येक गिऱ्हाइकाला भाव सांगताना आधीच दोन-तीन हजार उतरवून सांगतेस, समोरच्याने मागायच्या आत. चीर गेली एका टेबलाला, आणि तिची भरपाई तू आजवर नऊ खुर्च्यांवर केलीस. मोजून सांगतोय. कुणी म्हणतं, ऑनलाइन सहा हजारांत मिळते, आणि तू गप्प होतेस. मिळत असेल. ती खुर्ची आईच्या टाचेखाली बोट घालून झालेली नाही, एवढं तरी सांगत जा.

गाळ्याच्या भिंतीवर तू वेग्नरच्या खुर्चीचा फोटो लावलायस. डेन्मार्कचा हा माणूस चौदाव्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागला, डिझाइन शिकायला गेला तो त्यानंतर, हे तूच सांगितलंस. त्याची ती खुर्ची 1950 पासून आजतागायत बनते, आणि बैठकीला जवळपास 120 मीटर कागदी दोरी अजून हातानेच विणतात. नाव राहिलं, काम राहिलं, विणणाऱ्याची मजुरीही किमतीत राहिली. त्याच्या शेजारी तू चंडीगड शहर उभारताना तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी बनवलेल्या खुर्च्यांचा फोटो लावलायस, त्याच्याकडे मात्र मी जास्त वेळ बघतो. सागवान आणि वेत, अगदी तुझंच सामान. पुढे त्या सरकारी कचेऱ्यांच्या गच्च्यांवर भंगारात पडल्या, भंगारभावाने विकल्या गेल्या, आणि आता परदेशातल्या लिलावांत लाखांनी जातात. जानरे या आर्किटेक्टचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या खाचा ज्यांनी पाडल्या त्या बहुतेक सुतारांची नावं कुठेच नाहीत. माझ्यासारख्या हजेरी लिहिणाऱ्या माणसाला हे फार लागतं. तू तर डिझाइनही करतेस आणि खाचाही पाडतेस. निदान एका हजेरीपटावर तरी तुझं नाव असू दे.

मंगळवारी ठाण्याच्या सहा खुर्च्यांचं कोटेशन जायचंय. वही तुझ्या ड्रॉइंगच्या फायलीत ठेवली आहे. शेवटच्या पानावर मी पेन्सिलने मांडलंय: खर्च 8,700, तुझा तास 250 धरून 41 तासांचे 10,250, एकूण 18,950. त्याखाली "डिझाइन" लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे. तो आकडा मला ठरवता येत नाही, तो तू भर.

आईचा निरोप: पाइनची ती तिसरी खुर्ची सरपणात देऊ नकोस, मेथी निवडायला तीच बरी पडते.

तुझे,
बाबा