सुरक्षा प्रशिक्षण मागायचे कुठे आणि कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. आठवडाभर फलक लागतात, शपथ होते, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. कोकणातल्या लोटे, महाड, रोह्याच्या मोठ्या कारखान्यांत वर्षभर याहून बरेच काही चालते, ते नाकारण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न लहानांचा आहे: मिरकरवाडा, हर्णै, मालवणचे बर्फ कारखाने, वेंगुर्ले-सावंतवाडीकडची काजू युनिटे, आंबा कॅनिंग, मासळी प्रक्रिया. तिथले मालक एकच विचारतात, ‘प्रशिक्षण द्यायचे तर देणार कोण आणि त्याला पैसे किती?’ देणारे आहेत, आणि बरेच काही फुकट किंवा थोडक्या खर्चात मिळते. मागणी मोघम जाते आणि चुकीच्या महिन्यात जाते, म्हणून हाती काही लागत नाही.

आधी कायद्याचे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत वीज वापरणारा कारखाना म्हणजे २० किंवा अधिक कामगार. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती ५०० कामगारांपासून, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० पासून. बर्फ कारखान्यात पाळीला दोघे-तिघे असतात. म्हणजे बर्फ गोठवण्यासाठी लागणारा विषारी अमोनिया भरपूर आणि सुरक्षा अधिकारी शून्य. ही फट मालकाला स्वतःच बुजवावी लागते.

पहिले दार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे, म्हणजे बोलीभाषेतले ‘डिश’. तिथे पत्र टाकायला लहान मालक कचरतात, कारण पत्र गेले की तपासणी मागे लागेल ही भीती. भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. म्हणून अर्ज एकट्याने न करता उद्योजक संघटनेच्या लेटरहेडवर, दहा-बारा युनिटांसाठी एकत्र करावा. दुसरे दार मुंबईत शीवला असलेल्या केंद्रीय श्रम संस्थेचे. तिथे औद्योगिक सुरक्षेचे प्रदर्शन केंद्र आहे आणि अभ्यासक्रम चालतात. पण पाळीला दोनच ऑपरेटर असतील तर त्यातला एक शीवला पाठवणे कुणाला परवडत नाही. त्यापेक्षा प्रशिक्षक इकडे बोलवावा. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला आहे. प्रशिक्षण, पोस्टर, पुस्तिका तिथून मिळतात. बरेचसे सशुल्क, पण खर्च वाटून घेतला की जड जात नाही. दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय श्रमिक शिक्षण व विकास मंडळ कामगारांसाठी वर्ग घेते. त्यांचा भर हक्क, कायदा आणि सर्वसाधारण माहितीवर असतो, व्हॉल्व्ह कसा फिरवायचा हे ते शिकवणार नाहीत.

अर्जात ‘सुरक्षा प्रशिक्षण मिळावे’ एवढेच लिहिले तर सामान्य भाषण मिळते. कामगार किती आणि कोणत्या पाळीत, कोणती रसायने आणि एका वेळी जास्तीत जास्त किती साठा, कामगारांना समजणारी भाषा, प्रात्यक्षिकाची जागा, आणि तीन पर्यायी तारखा, एवढे हवे. विषयही नेमका लिहावा: ‘अमोनिया प्लांटमधील ऑइल काढणे आणि गळती’. विषय नेमका असला की त्याच कामाचा माणूस येतो.

हाच विषय आम्ही का सुचवतो ते सांगायला हवे. कंप्रेसरचे ऑइल अमोनियाबरोबर वाहत जाऊन रिसीव्हर आणि ॲक्युम्युलेटर या अमोनियाच्या टाक्यांच्या तळाशी साचते, ते अधूनमधून काढावे लागते. थंड ऑइल घट्ट असते, पटकन येत नाही. ऑपरेटर वैतागून व्हॉल्व्ह आणखी उघडतो. ऑइल संपते आणि त्याच्या मागून द्रव अमोनिया उसळून बाहेर येतो, ज्याचा वायू होताना आकारमान सुमारे ८५० पट वाढते. नियम सोपा आहे. ऑइल आधी ऑइल पॉटमध्ये, म्हणजे ते गोळा करायच्या लहान भांड्यात, घ्यायचे, रिसीव्हरकडची लाइन बंद करायची, पॉट कंप्रेसरच्या सक्शनला (वायू ओढून घेणाऱ्या बाजूला) जोडून त्यातला अमोनिया उकळून जाऊ द्यायचा. पॉटच्या अंगावरचा बर्फ पूर्ण वितळेपर्यंत खालचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. बर्फ आहे म्हणजे आत अमोनिया आहे. बाहेर काढण्याच्या तोंडावर साध्या व्हॉल्व्हच्या पुढे स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह हवा. आणि खरी गोम इथेच आहे: या व्हॉल्व्हचा दांडा धरून हात दुखतो म्हणून तो तारेने बांधून ठेवतात. बांधलेला दांडा दिसला की त्या प्लांटमध्ये कुणी शिकवलेले नाही हे न विचारता कळते.

काम दोघांनी करायचे. दुसऱ्याने वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मुख्य व्हॉल्व्हपाशी उभे राहायचे. मास्क असतो, पण त्याच्या कॅनिस्टरचे (हवा गाळणाऱ्या डब्याचे) सील कधीच फोडलेले आणि तो दमट हवेत भिंतीला लटकलेला; तसला कॅनिस्टर संरक्षण देईल यावर विसंबू नये. शिवाय ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) वर अमोनिया जिवावर बेततो, तिथे कॅनिस्टर मास्क घालून शिरायचे नाही. हवेच्या सिलिंडरचा श्वसनसंच लागतो. तो प्रत्येकाला घेणे शक्य नाही, म्हणून बंदरातल्या चार-पाच कारखान्यांनी मिळून दोन संच घ्यावेत आणि ते कुठे ठेवले आहेत हे सगळ्या पाळ्यांना माहीत असावे.

गळतीवर पाणी मारण्याबाबतही गैरसमज आहे. हवेतल्या वाफेवर पाण्याचा फवारा मारला की ती विरघळते. जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी ओतले की तो जास्त जोरात उकळतो. अमोनिया डोळ्यांत गेला तर किमान १५ मिनिटे वाहते पाणी. आपत्कालीन शॉवर मिनिटाला साधारण ७५ लिटर मागतो, म्हणजे १५ मिनिटांना हजार-अकराशे लिटर. वर २०० लिटरचा पिंप बसवून शॉवर दाखवणारे कारखाने आहेत. तो तीन मिनिटेही पुरत नाही. किनाऱ्यावर आणखी एक दुखणे: इन्सुलेशनच्या आत पाणी मुरून पाइप आतल्या आत गंजतो, बाहेरून काही दिसत नाही. प्रशिक्षणात इन्सुलेशनचा एक तुकडा कापून आतला पाइप दाखवावा.

पैसे न घालता मिळणाऱ्या दोन गोष्टी. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीने दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म ‘बी’, म्हणजे आगीची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. एजन्सीचा माणूस आलाच आहे तर अर्धा तास कामगारांसमोर उभा करावा. अग्निशामक सिलिंडर रिफिलिंगला पाठवायचा असेल तर आधी तो कामगारांकडून अंगणात रिकामा करून घ्यावा. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, हे एकदा हातात धरल्याशिवाय पटत नाही. खाऱ्या हवेने अडकलेली पिन आणि चिरलेला होजही त्याच वेळी सापडतो. दुसरे म्हणजे रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक. पुरवठादाराकडे हक्काने मागावे. त्यात १६ भाग असतात. कामगारांना चौथा (प्रथमोपचार), पाचवा (आग), सहावा (गळती) आणि आठवा (संरक्षक साधने) समजावले तरी पुरे.

केंद्राच्या लहान उद्योगांसाठीच्या झेड (‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’) प्रमाणपत्र योजनेत कामाच्या ठिकाणची सुरक्षा हा निकष ब्राँझ पातळीपासूनच आहे. प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के अनुदान, महिलांच्या मालकीच्या उद्योगाला पूर्ण माफी. काजू युनिटे चालवणाऱ्या महिलांनी हे जरूर पाहावे. मोठ्या कंपन्यांकडे सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी) मागतानाही एक लक्षात ठेवावे: स्वतःच्या कामगारांवरचा खर्च कंपनीला त्यात दाखवता येत नाही, शेजारच्या लहान युनिटांतल्या कामगारांच्या कौशल्य प्रशिक्षणाचा प्रस्ताव मात्र मांडता येतो.

काजूचे दुखणे वेगळे. टरफलातल्या तेलाने हात सोलवटतात. हातमोजे दिले तरी बायका काढून ठेवतात, आणि मालक म्हणतात ‘ऐकत नाहीत’. मजुरी किलोवर असेल आणि मोज्यांनी हात मंदावत असेल तर कोण घालील? मापाचे, पातळ मोजे द्यावेत आणि प्रशिक्षणाच्या तासांची मजुरी सरासरीने भरावी. ती न देता घेतलेले शिबिर म्हणजे नुसती हजेरीची सही.

भाषेचेही तेच. बोटींवर आणि बागांत नेपाळी कामगार, कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे. मराठी फलकाबरोबर हिंदी आणि नेपाळी हवे. दोन्ही देवनागरीतच असल्याने छपाईला अडचण नाही. ओडियासाठी मात्र वेगळी सोय करावी लागते.

आता वेळेचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बर्फ कारखाने थांबलेले असतात, दुरुस्ती चालू असते. यंत्र उघडलेले असताना शिकवायला याहून चांगला काळ नाही, आणि हंगामाच्या सुरुवातीला प्लांट पुन्हा चालू करतानाच गळतीचा धोका मोठा असतो. मार्चच्या सप्ताहात हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा ऑपरेटर सुटत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या उद्योजक व बर्फ कारखानदार संघटनांनी एप्रिलअखेरपर्यंत एकत्रित अर्ज द्यावेत, प्रत जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला द्यावी. संचालनालयाने जूनमधले निदान चार दिवस कोकणच्या बंदरांसाठी राखून ठेवावेत आणि त्या तारखा मे महिन्यातच आपल्या दैनिकातून जाहीर कराव्यात, ही विनंती.

आपले,
औद्योगिक सुरक्षा प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील काही वाचक, रत्नागिरी