द्राक्षाची तपासणी होते, मग भेंडीची का नाही?

संपादक महोदय,

भाजीवरील कीटकनाशकांच्या अंशांची चर्चा सहसा खाणाऱ्याच्या पोटापुरतीच होते. ती भाजी तोडणाऱ्या आणि दिवसभर हाताळणाऱ्यांच्या कातडीकडे कोणी फारसे पाहत नाही. भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो. आदल्या संध्याकाळी औषध मारलेल्या वावरात सकाळी दवाने ओल्या झालेल्या झाडांमधून बायका उघड्या हातांनी तोडा करतात, आणि बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर खाज सुटून पुरळ उठले की ‘लव लागली असेल’ म्हणून खोबरेल चोळून मोकळ्या होतात. लवेने खाज सुटते, हे खरेच. पण मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकामुळे त्वचेची ॲलर्जी होऊ शकते आणि सायपरमेथ्रिनच्या गटातील औषधांनी झिणझिण्या व जळजळ होते, हेही तितकेच खरे. अशा रुग्णाला मलम लिहून देण्याआधी ‘फवारणी कधी झाली होती?’ एवढे तरी डॉक्टरांनी विचारावे. उलट, शिजवलेली भाजी खाऊन उठलेले प्रत्येक पित्त औषधाच्या माथी मारणेही बरोबर नाही.

आपल्याच जिल्ह्यातील तासगावची द्राक्षे युरोपला जाताना ‘ग्रेपनेट’ या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर बागेची नोंद होते आणि प्रयोगशाळेत अंश तपासल्याखेरीज माल हलत नाही. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे, हे तिथल्या बागायतदाराला तोंडपाठ असते. तोच नियम भाजीच्या औषधाच्या लेबलवरही छापलेला असतो, पण एक दिवसाआड तोडा आणि पडेल तो भाव, यांत तो पाळणार कोण? मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 पासून बंदी आहे. पण नमुनेच घेतले नाहीत, तर बंदी पाळली जाते की नाही हे कळणार कसे? घरी भाजी चोळून धुतली तर वरचा थर बराचसा जातो; इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध मात्र पेशींत मुरलेले असते, त्याला मिठाचे पाणी काय करणार?

एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, कारण कोणते औषध मारायचे हे पुष्कळदा दुकानदारच सांगतो. अंशांच्या कमाल मर्यादा कायद्याने ठरलेल्या आहेत आणि नमुने घेण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तेव्हा सौद्याला येणाऱ्या भेंडी, वांगी, मिरची व फ्लॉवरचे नमुने दरमहा घेऊन त्यांचे निष्कर्ष बाजार समितीच्या फलकावर लावावेत, आणि तोडणीच्या मजुरांना हातमोजे मिळतात की नाही हे कृषी विभागाने वावरात जाऊन पाहावे, ही विनंती.

एक वाचक,
विश्रामबाग, सांगली