हौदा उतरवल्यावर उघड झालेले ब्रेकचे दोष आणि आपल्या सर्व्हिस सेंटरचा ‘ओके’ शेरा

प्रति,
प्रमुख, ग्राहकसेवा विभाग

विषय : 2014 च्या पिकअपचे मागील ब्रेक, त्यांवर बांधलेली तार आणि त्यासाठी माझ्याकडून घेतलेले 650 रुपये

महोदय,

आपल्या मदतवाहिनीशी आज सकाळी माझे चौथे आणि शेवटचे बोलणे झाले. ते संपल्यावर मोबाइलवर संदेश आला की, या संभाषणाला एक ते पाच गुण द्यावेत. गुण देण्याऐवजी हे पत्र लिहीत आहे.

निफाड तालुक्यातून कांदा आणि टोमॅटो वाशीच्या बाजारात नेण्यासाठी ही गाडी मी 2014 मध्ये आपल्याच वितरकाकडून नवी घेतली. तेव्हापासून प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्या अधिकृत सेंटरमध्येच केले असून सर्व जॉबकार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कांद्याचा ओलावा आणि परतीच्या फेरीत भरलेले खत यांमुळे हौद्याचा पत्रा कुजला, म्हणून गेल्या महिन्यात गावातील मिस्त्रीकडून हौदा उतरवून घेतला. हे काम पत्र्याचे होते. ब्रेकची कोणतीही तक्रार माझ्या मनात नव्हती, कारण दोनच महिन्यांपूर्वीच्या आपल्या जॉबकार्डावर ‘ब्रेक तपासले, ओके’ असे स्पष्ट लिहिलेले होते.

हौदा खाली ठेवल्यावर मिस्त्रीने मला हाक मारली. मागील चाकांकडे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाईप चेसिसला ज्या क्लिपने धरलेला असतो, त्या क्लिपमागे चिखल आणि खत यांचा दगडासारखा थर बसला होता. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यावर आतील पाईपचे पापुद्रे निघू लागले. मिस्त्रीच्या सांगण्यावरून मी केबिनमध्ये बसून पेडल जोरात दाबले, तेव्हा क्लिपपाशी तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि पेडल पायाखाली खचत गेले. ते तेल चहाच्या चोथ्यासारखे काळे होते, आणि तरीही ‘ब्रेक ऑइल बदलले’ या नोंदीचे पैसे आपण दोन वेळा घेतलेले आहेत. डॉट-3 या प्रतीचे ब्रेक ऑइल नवे, कोरडे असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि जुने होऊन पाणी शोषल्यावरही किमान 140 अंश तरी टिकावे, असे मानक आहे. तेल उकळले की ब्रेक लागत नाहीत; हा फरक कसारा घाट भरल्या गाडीने उतरताना काय करतो, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगण्याची गरज नसावी. ती क्लिप हौद्याच्या नेमकी कोणत्या आडव्या पट्टीखाली येते आणि हौदा न उतरवता तिच्यामागचा पाईप का दिसत नाही, हेही त्यांना ठाऊकच आहे, कारण ती जागा त्यांनीच ठरवली आहे.

तरीही पाईप गंजणे मी एकवेळ समजून घेतले असते. तार समजून घेता येत नाही.

मागील ॲक्सलवर भारानुसार ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी भारली की त्याचा दांडा उचलला जातो आणि मागील चाकांना जास्त दाब मिळतो. माझ्या गाडीत दांड्याचा जोड तुटलेला होता आणि दांडा रिकाम्या गाडीच्या स्थितीत तारेने आवळून बांधलेला होता. द्राक्षबागेच्या मांडवाला आम्ही वापरतो, तसलीच ही तार होती. दीड वर्षापूर्वी मी मागून खडखड आवाज येतो अशी तक्रार केली होती. तिच्यापुढे आपल्या सेंटरने ‘मागील आवाज : दूर केला, मजुरी 650 रुपये’ असे लिहिले आहे. आवाज खरोखरच दूर झाला होता. त्यानंतर दीड वर्ष मी भरलेली गाडी रिकाम्या गाडीच्या ब्रेकवर घाटातून उतरवत होतो.

आता आजचे संभाषण. आपल्या प्रतिनिधीने प्रथम गाडीचे वय विचारले. 2014 हे ऐकताच ते म्हणाले, “सर, जुन्या गाडीत असं होतंच.” मी म्हणालो की, गाडी जुनी आहे, तार नवी आहे. ते म्हणाले, “कोणती तार सर?” मागील तीन फोनमध्ये सांगितलेली तार मी चौथ्यांदा सांगितली. त्यांनी मला थांबवून ठेवले. त्या वेळात कानावर आपल्या कंपनीवरील विश्वासाची जाहिरात तीन वेळा पडली. परत आल्यावर ते म्हणाले, “पण सर, गाडी चालत होती ना?” मी म्हणालो, चालत होती, माझी तक्रार थांबण्याविषयी आहे. यावर काही क्षण शांतता होती. मग त्यांनी अत्यंत गोड आवाजात विचारले की, जुनी गाडी देऊन नवी घेण्याची योजना सुरू आहे, आपल्याला कोणी फोन केलेला चालेल का? त्या मुलाला मी दोष देत नाही. पुढे कागद ठेवून बोलायला त्याला कोणीतरी शिकवले आहे, आणि तो कागद आपल्या कार्यालयात लिहिला गेला आहे.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले, सदोष गाड्या कंपनीला परत बोलवायला लावणारे कलम 110-अ आणि त्याखालील सात वर्षांची मर्यादा मला माहीत आहे. माझी गाडी त्यात बसत नाही. मात्र आपण अलीकडे विकलेल्या गाड्या बसतात, आणि त्यांतही ती क्लिप त्याच जागी असल्यास हा प्रश्न केवळ माझा राहत नाही. दरवर्षीच्या पासिंगमध्येही हे कुणाच्या लक्षात आले नाही, हा वेगळा विषय आहे.

मला तीन गोष्टी लेखी हव्या आहेत : तार कोणी आणि कोणाच्या परवानगीने बांधली, न बदललेल्या तेलाचे, तसेच ते 650 रुपये मिळून परतावा, आणि क्लिपची जागा आपण तपासणार की नाही, याचे हो किंवा नाही असे उत्तर. नवा पाईप, व्हॉल्व्हचा जोड आणि तेल यांचा खर्च मी केला आहे आणि त्याची बिले सोबत आहेत. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयालाही छायाचित्रे देईन. याच कारणासाठी पाईपचा तो तुकडा आणि ती तार मी मिस्त्रीला भंगारात टाकू दिलेली नाही.

माझ्या थोरल्या भावाने 2017 मध्ये आपलीच पिकअप घेतली, तीही माझ्या सांगण्यावरून. येत्या रविवारी तिचा हौदा उतरवणार आहोत.

आपला,
2014 पासूनचा ग्राहक