वाचून सही करायला शिकवणाऱ्या काकांना

काका,

सादर नमस्कार.

"लिहायचं ते लिही, पण माझं नाव नको," ही तुमची अट मी पाळते आहे. ज्यांनी तुमच्या टेबलासमोर उभं राहून व्हाउचरवर सही केली आहे, त्यांना 'काका' एवढंच पुरेल. बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही, काम कळलं पाहिजे.

2012 सालचा पावसाळा होता. गोरेगावच्या चित्रनगरीत रात्री दहाला पॅकअप झालं होतं. मला मालिकेत पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती. त्याआधीची दहा वर्षं नाटकाची. प्रयोग संपला की नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट हातात पडायचं, ते न मोजता पर्समध्ये टाकायचं, कारण सगळ्यांसमोर पैसे मोजणं बरं दिसत नाही असं मला वाटायचं. त्याच सवयीने मी तुमच्यासमोरच्या व्हाउचरवर सही करायला वाकले आणि तुम्ही कागदावर हात ठेवलात.

"वाचलंस?"

मी मान हलवली. खोटंच.

"मग सांग, या महिन्यात किती दिवस काम केलंस?"

मला सांगता येईना. व्हाउचरवर अठरा दिवस होते. तुम्ही कॉलशीटची, म्हणजे कोणत्या दिवशी कुणाला कामावर बोलावलं त्या कागदांची, फाइल उघडलीत, एकेका तारखेवर बोट ठेवत मोजलंत आणि वीस भरले. ती चूक दाखवायची तुम्हाला काही गरज नव्हती. तुम्ही निर्मात्याचे हिशेबनीस, तुमचा पगार तिकडून येत होता. अठराचे वीस केलेत, खाली स्वतःची सही केलीत आणि म्हणालात, "उद्यापासून डायरी ठेव. तारीख, कॉल टाइम, पॅकअप. आणि वाचून सही कर."

ती डायरी मी अजून ठेवते. आता तेरावी चालू आहे.

त्या महिन्याचा हिशेब तुम्ही एका जुन्या कॉलशीटच्या पाठीवर मांडून दाखवला होता, तो कागद माझ्याकडे आहे. दिवसाचे 6,000, वीस दिवसांचे 1,20,000. त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे 12,000. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचे 15 टक्के, म्हणजे 18,000. उरले 90,000. तेही लगेच नाही, नव्वद दिवसांनी. मी म्हणाले, "म्हणजे महिन्याला नव्वद हजार." तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. "वर्षात किती महिने काम असतं तुला?" मी आठवून आठवून सात म्हटलं. तुम्ही साताने गुणलंत, 6,30,000 आले. मग बाराने भागलंत. 52,500. त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्यात.

"हा तुझा पगार. यावर घर चालव. नव्वद हजार विसरून जा."

काका, त्या रात्री मला तुमचा थोडा राग आला होता. बसस्टॉपवर लोक ओळखायला लागले होते, गणेशोत्सवात बक्षीस द्यायला बोलवत होते, आणि तुम्ही माझा पगार जवळजवळ निम्म्यावर आणून ठेवलात! मी गाडी बुक केली होती. पहिला हप्ता भरायचाही झाला होता. तुम्ही गाडी घेऊ नको असं एकदाही म्हटलं नाहीत. फक्त विचारलंत, "मालिकेतला तुझा ट्रॅक संपला की हप्ता कोण भरणार?" चार महिन्यांनी मालिकेने लीप घेतला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेली, आणि माझं पात्र त्या लीपमध्ये गेलं. बुकिंग मी आधीच रद्द केलं होतं.

टीडीएस म्हणजे गेलेले पैसे, असंच मी तोवर समजत होते. तो आपलाच कर आपल्या नावावर आगाऊ जमा होतो, विवरणपत्र भरलं की हिशेबात धरला जातो आणि जास्त कापला गेला असेल तर परत मिळतो, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर तुमच्याकडून कळलं. मी विवरणपत्रच भरत नव्हते. तुम्ही रविवारी घरी आलात, प्लास्टिकच्या पिशवीतून माझे सगळे कागद जमिनीवर पसरलेत आणि माझ्या मुलीला ते तारखेप्रमाणे लावायला बसवलंत. ती तेव्हा आठ वर्षांची होती. प्रवास, कार्यक्रमांसाठी घेतलेल्या साड्या, मेकअपचं सामान, कमिशन यांच्या पावत्या तुम्ही वेगळ्या काढल्यात. "हा तुझा धंदा आहे, धंद्याला खर्च असतो, तो लिहायचा असतो." आपल्या कामाला धंदा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही कला म्हणतो, सेवा म्हणतो, रंगदेवता म्हणतो. ते सगळं खरंच आहे आणि मी ते मनापासून मानते. पण त्या शब्दांच्या आडोशाने आम्ही किती वर्षं आमचेच कागद वाचले नाहीत!

आणि त्याच रविवारी तुम्ही जुन्या जमान्यातल्या नट-दिग्दर्शक भगवानदादांबद्दल बोललात.

मला त्यांच्याबद्दल जेवढं सगळ्यांना माहीत असतं तेवढंच माहीत होतं. गिरणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, 1913 सालचा जन्म, मूकपटांपासून सुरुवात, स्टंटपट, मग चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ, आणि 1951 साली 'अलबेला'. शेजारी गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं. 'शोला जो भडके'वर सगळा देश नाचला. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या, असं सांगतात. पुढच्या चित्रपटांत पैसा बुडाला, बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि दादा परत दादरच्या दोन खोल्यांत आले. 4 फेब्रुवारी 2002 रोजी तिथेच गेले. आमच्या व्यवसायात ही गोष्ट लहान मुलांना बागुलबुवा दाखवावा तशी दाखवली जाते. पैसा मिळाला की डोक्यात हवा जाते, मग असं होतं.

तुम्ही तसं सांगितलं नाहीत. तुम्ही दादरचे. दादांच्या लल्लूभाई मॅन्शनवरून जाणाऱ्या विसर्जनाच्या मिरवणुका तुम्ही पाहिलेल्या. मिरवणूक तिथे थांबायची, बेंजोवर तेच गाणं सुरू व्हायचं, आणि दादा खाली उतरून त्यांची ती अर्ध्या पावलाची, खांदे झुलवणारी स्टेप करायचे. तुम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत, कागदांच्या मध्ये उभं राहून ती करून दाखवलीत. मुलगी टाळ्या वाजवत होती. मग तुम्ही खाली बसलात आणि म्हणालात, "दादांनी पैसा उधळला असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी तो सिनेमात घातला. जिथून आला तिथेच परत घातला. फक्त घरचा पैसा आणि सिनेमाचा पैसा यांच्यामध्ये कुणी भिंत घातली नाही. ते काम हिशेब ठेवणाऱ्याचं असतं."

मला वाटतं, तुम्ही आयुष्यभर ती भिंत घालत फिरलात. आमच्या कुणाकुणाच्या घरात, न विचारता, न पैसे घेता.

माझी भिंत तुम्ही दोन बँक खात्यांची बांधलीत. कामाचे पैसे एका खात्यात यायचे, त्यातून महिन्याच्या एक तारखेला 'पगार' दुसऱ्या खात्यात. वर उरेल त्यातून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग आरोग्य विमा, मग पीपीएफ. पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, पैसे पंधरा वर्षं ठेवायचे हे ऐकून मी हसले होते. आम्हाला पुढच्या आठवड्याची खात्री नसते. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच."

घराचंही तसंच झालं. एका बँकेत गृहकर्जाच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'अभिनेत्री' वाचून साहेबांनी अर्ज बाजूला सरकवला होता. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली. माझ्याकडे ती होती, कारण तुम्ही दरवर्षी जुलै लागला की फोन करायचात. ठाण्यातला हा एक बेडरूमचा फ्लॅट त्या तीन कागदांवर उभा आहे. मी तुम्हाला वास्तुशांतीला बोलावलं, तर तुम्ही अहेर म्हणून लॉकर फाइल आणलीत, कप्प्यांवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावून.

19 मार्च 2020 ला शूटिंगं थांबली. तुम्हाला ते दिवस आठवतात. नाट्यगृहांना कुलूप, सेटवर कुणी नाही, आणि उधारीवर चालणारी सगळी माणसं एकदम उघडी पडलेली. मेच्या अखेरीस चित्रीकरणाला परवानगी मिळाली तेव्हा पासष्टच्या वरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती. उच्च न्यायालयाने ती अट ऑगस्टमध्ये रद्द केली, पण तोवर आमच्या किती ज्येष्ठांनी फोन उचलायचं बंद केलं होतं. मी त्या काळात कुणापुढे हात पसरला नाही. उलट माझ्या मेकअपदादांच्या घरचं तीन महिन्यांचं रेशन भरू शकले. हे मी मिरवायला सांगत नाही. ते पैसे तुम्ही अडवून ठेवलेले होते, म्हणून त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांना हे माहीत नाही. आज कळेल.

आता ते सांगते, जे सांगू की नको असा बराच विचार केला.

माझा संसार मोडला, ते सगळ्यांनी वाचलं. कारणं आमच्या दोघांची आहेत आणि ती इथे येणार नाहीत. पण 2021 मध्ये कौटुंबिक न्यायालयात माझ्याकडून पोटगी मागणारा अर्ज आला, त्याला एक प्रिंटआउट जोडलेला होता. इंटरनेटवरचं एक पान. माझा फोटो, जन्मतारीख चुकीची, उंची चुकीची आणि खाली 'एकूण संपत्ती : पाच कोटी'. ते कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, काही नाही. त्याच पानामुळे आधी दोन नातेवाईक उसने मागून आणि नाही म्हटल्यावर रागावून गेले होते. मुलीच्या वर्गातल्या कुणीतरी तिला ते दाखवलं होतं आणि तिने घरी येऊन विचारलं होतं, "आई, मग आपण रिक्षाने का जातो?"

आम्हा कलाकारांच्या संपत्तीचे आकडे लोक कसे काढतात, मला कळत नाही. लाल गालिच्यावरची साडी बहुतेक वेळा परत करायची असते. दागिने तर त्याच रात्री मोजून परत घेतात. मालिकेतला वाडा प्लायवूडचा असतो. पण तो आकडा छापलेला होता आणि छापलेल्या आकड्यापुढे माझं तोंडी बोलणं किती टिकणार, याची मला भीती वाटली.

तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. गुडघे गेले होते. तरी आलात. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलं होतं. ते माझ्या वकीलबाईंनी समजावलं आणि तुम्ही चष्मा पुसून लॉकर फाइल उघडलीत. नऊ वर्षांची विवरणपत्रं, दोन्ही खात्यांची स्टेटमेंटं, कर्जाचा तक्ता, पीपीएफचं पासबुक, डायऱ्या. सगळं होतं. एकही रकाना 'अंदाजे' लिहून भरावा लागला नाही. घराचं उरलेलं कर्ज वजा केल्यावर माझी खरी संपत्ती जेवढी निघाली, तो आकडा त्या पाच कोटींच्या आसपासही नव्हता. मला वाटलं होतं तो बघून मला लाज वाटेल. मी खूप वेळ त्याच्याकडे बघत बसले. प्रत्येक रुपयाची तारीख मला माहीत होती. कुठला रुपया कुठल्या पावसातल्या सीनचा, कुठला सांगलीच्या दौऱ्यातला, कुठला ताप अंगावर काढून केलेल्या डबिंगचा.

सुनावणीच्या दिवशी तुम्ही वांद्र्याच्या त्या इमारतीत बाकावर बसून होतात, हातात माझी दुसरी प्रत. लागली तर असू दे, म्हणून. ती लागलीच नाही. आम्ही दोघांनी पुढे संमतीने सगळं मिटवलं. खरे कागद टेबलावर आल्यावर त्यांच्याही आवाजातला चढ उतरला, हे मी त्यांच्याबद्दल आदराने लिहिते.

त्यानंतर मी एक मोठी मालिका नाकारली. सासूची भूमिका, रोज सुनेच्या कानाखाली मारायची. पैसे चांगले होते. नकार देऊन मी फोन ठेवला तेव्हा हात थरथरत नव्हते. त्याऐवजी हे नाटक घेतलं, ज्याची तालीम अडीच महिने चालली आणि जे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. मला ते निवडता आलं. एखाद्या नटीला 'नाही' म्हणता येणं ही केवढी श्रीमंती असते, हे नटीलाच ठाऊक. ती मला तुम्ही दिलीत.

मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात तिला एका जाहिरातीच्या आवाजाचं काम मिळालं, पहिलंच. कागद पुढे आला तेव्हा तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसून पूर्ण वाचला. समोरचा माणूस घड्याळ बघत होता. मी दारात उभी होते. मला तुमचा तो कागदावर ठेवलेला हात दिसला.

काका, शनिवारी संध्याकाळी दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात प्रयोग आहे. जिना तुम्हाला चढवत नाही हे माहीत आहे, आमचे बॅकस्टेजचे दोघं जण खाली थांबतील, खुर्ची आणतील. तुम्ही कधी पास घेत नाही, म्हणून पहिल्या रांगेतली दोन तिकिटं मी विकत घेतली आहेत, काकूंचं आणि तुमचं. पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून गेले आहेत, डायरीत नोंद आहे. प्रयोग झाल्यावर बघायला मिळेल.

तुमची,
वीस दिवसवाली