पाटीवर 'आजची ताजी मासळी', आणि महिना जुलैचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सौ.ची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. त्या काळी मास्तरांनी अर्ध्या वर्गाला तीच देऊन टाकली होती. खरा जन्म आषाढातला, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि घरात आम्ही तोच धरतो. पण दोन्हींतला कुठलाही धरा, येतो मासेमारीच्या बंदीतच. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक नौका किनाऱ्याला ओढलेल्या, आणि मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकऱ्याच्या या लेकीचा वाढदिवस नेमका त्यात. लग्नाला सदतीस वर्षं झाली. माझ्या वाढदिवसाला, म्हणजे डिसेंबरात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं नि सुरमईची तुकडी ठरलेली. तिच्या वाढदिवसाला ती स्वतःच शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया करते आणि आम्हाला वाढते.

यंदा तिला साठ पूर्ण झाली. पुण्याहून मुलाने माझ्या फोनवर तीन हजार पाठवले आणि बजावलं, 'आईला चांगल्या हॉटेलात न्या, त्या दिवशी घरात चूल पेटता नये.' ११ जुलै २०२५, शुक्रवार. वाराची अडचण नव्हती, श्रावणही लागला नव्हता. तिला विचारलं तर म्हणाली, 'दुसऱ्यान साफ केलेलो मासो खावचो हा माका एकदा.' यापलीकडे मागणी नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे हॉटेलांचा अनुभव मुख्यतः स्टँडच्या कॅन्टीनचा. मुलाने सुचवलेलं ठिकाण पर्यटकांचं. नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नव्हती आणि मला जे म्हणायचं आहे ते त्या एकट्यांबद्दल नाही. दाराशी काळी पाटी. तिच्यावर रंगीत खडूने 'आजची ताजी मासळी : सुरमई, पापलेट, सरंगा'. बाहेर असा पाऊस की छत्रीचं पाणी पायऱ्यांवरून उलटं आत येत होतं. समुद्र असा खवळलेला की गेले तीन दिवस त्याच्याकडे कुणी पाठ करून उभं राहिलं नसेल. हिने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन बसली. मी तेव्हाच समजलो.

मेनूकार्ड लॅमिनेट केलेलं. सुरमई थाळीसमोर ५५० रुपये. पापलेटसमोर 'साइझप्रमाणे'. मी विचारलं, साइझ कुणाची? वाढणारा पोरगा ओडिशाचा, फार गोड, मराठी बेताचं. म्हणाला, 'काका, फिशची.' ते ठीक, पण किंमत किती? 'बघून सांगतो.' कुडाळचं तिकीट मागणाऱ्याला मी कधी 'वजन बघून सांगतो' म्हणालो असतो तर माझी नोकरी टिकली असती का?

मग ही पोराला म्हणाली, 'बाळा, मासे दाखव बघू.' त्याला वाटलं आजींना हौस आहे. स्टीलचा ट्रे घेऊन आला. बर्फाच्या चुऱ्यावर सुरमईच्या गोल तुकड्या आणि चार पापलेटं. हिने चष्मा कपाळावर चढवला, कारण जवळचं तिला चष्म्याशिवायच दिसतं. आधी सुरमई. काट्याभोवतीचं मांस लालसर असायला हवं, ते तपकिरी पडलेलं, आणि कडा सुटायला लागलेल्या. बोट टेकवलं, तर खळगा पडला तो पडलाच. मग पापलेट उचललं आणि कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबलं. आमच्याकडे बायका बाजारात हेच करतात, पांढरं पाणी आलं तर घ्यायचं, लालसर आलं तर कोळणीला हसून पुढे जायचं. लालसर आलं. पापलेटही कसलं, माझ्या तळव्यात मावेल एवढं. २०२३ मध्ये सरकारने याच पापलेटला राज्यमासा केलं. राज्यमाशाची ही पोरंटोरं ट्रेमध्ये बघून मलाच कसंसं झालं. ही हळूच म्हणाली, 'ह्याका आठ दीस तरी झाले आसतले.' आवाज चढवला नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने आपली ताटं निरखायला सुरुवात केली.

मालक आला. पस्तिशीचा, आदबीने वागणारा. 'मावशी, खोटं नाही बोलत. माल पूर्व किनाऱ्याचा आहे, बर्फातून येतो.' आणि यात लपवण्यासारखं खरंच काही नाही. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. आपल्या होड्या बंद असतात तेव्हा तिकडच्या सुरू झालेल्या असतात, मग तिकडचा मासा ट्रकने इकडे येणारच. बर्फातला मासा विषारी नसतो, नीट ठेवला असेल तर खाता येतो, मुंबईचे लोक वर्षभर तेच खातात. माझी तक्रार बर्फाबद्दल नाही, पाटीवरच्या 'आजची' आणि 'ताजी' या दोन शब्दांबद्दल आहे. मालवणात जुलैत ते शब्द लिहायचे आणि सहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाने ते खरे मानायचे, हे मला पटत नाही. आपणच होड्या ओढून ठेवतो, मासळीला अंडी घालू द्या म्हणून दोन महिने कळ काढतो, खलाशी गावाला जातात, दांडीवर जाळी विणत बसलेली माणसं उधारीवर दिवस काढतात. आणि रस्त्याच्या या बाजूला पाटी म्हणते की समुद्र चालू आहे.

हिने विचारलं, 'तुम्ही घरात काय जेवता आज?' मालक जरा गोंधळला. म्हणाला, 'आई करते. खाडीतले शेवटे आणलेत सकाळी, होडीवाला घरी देऊन जातो. कुर्ल्या आहेत. आणि गोलम्याची किसमूर.' शेवटे म्हणजे खाडीतला एक मासा, गोलमा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आणि किसमूर म्हणजे ती भाजून ओल्या खोबऱ्यात कालवलेली. पण ते मेनूत नाही, पाहुण्यांना आवडत नाही, असं त्याचं म्हणणं. 'कुणी विचारलं होतं पाहुण्यांना?' हे मी विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण तो आत गेला.

मग जे जेवण आलं ते सांगतो. शेवटे वीतभर लांब, तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले, वरचं कवच कुरकुरीत नि आत काट्यावरून मांस अखंड सुटणारं. मासा ताजा असला तर ते असं सुटतं, चिवडलं जात नाही. कुर्ल्यांचं सुकं, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, नांग्या आधीच ठेचून दिलेल्या. भाकऱ्या गरम. किसमूर फुकट, 'आईने दिली' म्हणून. हिने सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि ओळखलं की कोकम घरचं आहे, आगळ बाटलीतलं नाही. पाऊण तास ही बोलली नाही. आमच्या घरात तिने कधी बसून पहिली भाकरी खाल्ली असेल तर मला आठवत नाही. ती नेहमी शेवटची, तव्यावरची. या खेपेला तिच्या पुढ्यात भाकरी दुसऱ्याने आणून ठेवली, आणि ती संपायच्या आत दुसरी आली. मी तिच्याकडे बघत होतो तर म्हणाली, 'जेवा हो, निवतला.'

पोराने कुठूनतरी मेणबत्ती लावलेला पेस्ट्रीचा तुकडा आणला. ती फुंकर घालताना खूप लाजली. त्याबद्दल एवढंच.

आता बिल. कुर्ल्या ४५०, शेवटे ३००, चार भाकऱ्या १००, भात ८०, दोन सोलकढ्या ७०. एक हजार. खाली सर्व्हिस चार्ज दहा टक्के, शंभर. मग अकराशेवर पाच टक्के जीएसटी, पंचावन्न. चालत्या गाडीत सुटे पैसे मोजण्यात जन्म गेला, मला हे वाचायला कॅल्क्युलेटर लागत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या सूचनांत सांगितलं आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. ते कात्रण माझ्या पाकिटात होतं. हिने टेबलाखालून माझा पाय दाबला, पण मी दाखवलंच. मालकाने वाद घातला नाही, एक हजार पन्नासचं बिल आणून दिलं. उतरलेली शंभराची नोट मी त्या ओडिशाच्या पोराच्या हातात ठेवली. मघाशी तीच नोट बिलातून गेली असती तर त्याच्यापर्यंत पोचली असती की नाही, कोण जाणे. ज्या वाचकांना असं कापलेलं बिल मिळत नसेल त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा.

आपल्या वृत्तपत्रातून हॉटेलवाल्यांना माझी विनंती अशी. पाटी ठेवा, खडू ठेवा. पण मासा कुठला, कुठल्या दिवशी आला आणि तुकडी केवढ्याला, हे लिहा. 'पूर्व किनारा, बर्फातला' लिहिलं म्हणून गिऱ्हाईक पळून जाणार नाही. 'साइझप्रमाणे' पुसा. आणि बंदीच्या दोन महिन्यांत खाडीचे शेवटे, कुर्ल्या, सुका बांगडा, फणसाच्या आठळ्या घातलेला गोलमा हे मेनूत घ्या. बिनयंत्राच्या लहान होडीला बंदी नसते, खाडीतल्या माणसाला दोन पैसे मिळतील. जे आपली आई पावसात शिजवते ते पाहुण्याला द्यायला लाजायचं कशाला?

रात्री मुलाचा फोन आला, पापलेट खाल्लंस का म्हणून. ही म्हणाली, 'दाबून बघितलंय, खावक नाय.' त्याला काहीच कळलं नाही. उरलेले पैसे पुढच्या वर्षाच्या वाढदिवसाला ठेवा म्हणाला, म्हणून मी पंचांग काढून बघितलं. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. गुरुपौर्णिमा २९ जुलैला, म्हणजे हिचा वाढदिवस ३० ला. होड्या सुटायला दोन दिवस कमी. आणि त्यात गुरुवार.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर, मालवण