ग्रँट डफचा दाखला देण्यापूर्वी

संपादक महोदय,

मराठ्यांच्या इतिहासावर लिहिताना त्या इतिहासाचा इंग्रज आमदानीतला ग्रंथकार ग्रँट डफ दोनच कारणांसाठी आठवतो: पुरावा म्हणून नाहीतर शिव्या घालायला. त्याच्या तळटीपा मात्र दोन्ही पक्ष वाचत नाहीत.

स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावी १७८९ साली जन्मलेला हा माणूस मुंबईच्या फौजेत आला. १८१८ मध्ये दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने त्याला साताऱ्यावर नेमले. प्रतापसिंह महाराजांचा कारभार सुरुवातीला त्याच्याच हाती होता. त्यामुळे साताऱ्याचे दप्तर, पेशव्यांचे कागद, बखरी आणि इंग्रज वखारींचा पत्रव्यवहार हे सारे त्याला पाहता आले. प्रकृती ढासळल्यावर तो मायदेशी परतला आणि १८२६ मध्ये लंडनला त्याच्या मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड निघाले. अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे तो तळटीपांत सांगतो. पुढच्या अभ्यासकांना त्या मिळाल्या नाहीत. म्हणून त्याचे विधान एकट्याने उभे करू नये. १८६७ साली निळकंठ जनार्दन कीर्तने यांनी पुण्यात त्याच्या चुका जाहीरपणे दाखवल्या, तेव्हा ते विद्यार्थिदशेत होते हे विशेष.

सर्वांत जास्त घोळ तारखांचा. शिवजन्म त्याने मे १६२७ चा दिला. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार घटनांची यादी, त्याच्यापुढे नव्हती. टिळकांनी ती १९१६ मध्ये छापली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ आहे. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९ मिळवायचे, म्हणजे १६३० येते. सरसकट ७८ मिळवले की एक वर्ष चुकते. शिवाय १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची. आजच्या पद्धतीने ती १ मार्च. त्या काळचे इंग्रज कागद २५ मार्चला वर्ष बदलतात, म्हणून त्यांतला फेब्रुवारी १६२९ म्हणजे आपला १६३०. कागदावर शुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्राला सुरू होणारे दप्तरी वर्ष, असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि नंतर ६०० मिळवावे.

डफची मते वेगळी काढावीत. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीच्या वाळल्या गवतातला वणवा वाटला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्याचा समाचार घेतलाच आहे. पण लढाई, तह, किल्ल्याचा ताबा यांबद्दल तळटीपेत मूळ कागदाचे नाव असेल, तर तो कागद आज छापील साधनांत शोधावा. सापडला तर दाखला त्याचाच द्यावा, डफचा नव्हे. आणि उद्धृत करताना आवृत्ती लिहावी: १९२१ ची आवृत्ती दोन खंडांची आहे, मूळ तिनांची पृष्ठे तीत जुळत नाहीत.

आपला,
एक इतिहासवाचक, सातारा