अवयव गेले, पुढची बातमी आलीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वर्तमानपत्रात अवयवदानाची बातमी आली की मी ती कापून ठेवते. मी 34 वर्षे परिचारिका होते आणि त्यातली अखेरची 19 वर्षे अतिदक्षता विभागात गेली, त्यामुळे या बातम्या मी जरा वेगळ्या नजरेने वाचते. बहुतेक बातम्या एकाच वळणाच्या असतात. आधी अपघात किंवा मेंदूतील रक्तस्राव, मग नातेवाइकांचा निर्णय, मग मोकळा करून दिलेला रस्ता, रुग्णवाहिकेने किती मिनिटांत किती अंतर कापले याचा हिशेब आणि शेवटी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांची नावे. रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली की बातमीही तिच्याबरोबर निघून जाते. जिथून ती निघाली त्या रुग्णालयात, त्या विभागात, त्या पाळीवर असलेल्या माणसांकडे मात्र पुढे काय झाले याची बातमी क्वचितच परत येते. ती परत यायला हवी, आणि तिच्यावाचून अवयवदानाचे काम आतून कमकुवत होत जाते, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मेंदूमृत्यू घोषित झाल्यानंतर त्या खाटेजवळ काय चालते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. मेंदूस्तंभाचे काम कायमचे थांबले की श्वास घेण्याची आज्ञाच शरीराला मिळत नाही. व्हेंटिलेटर फुप्फुसांत हवा भरत राहतो आणि प्राणवायू मिळत असेतोवर हृदय स्वतःच्या लयीने चालू राहते, पण तेही फार काळ नाही. पीयूषिका ग्रंथीतून येणारे, मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावणारे संप्रेरक बंद झाले की काही तासांत कित्येक लिटर लघवी होऊ शकते, रक्तातील सोडियम वाढते आणि रक्तदाब कोसळतो. शरीराचे तापमान राखणारी यंत्रणाही मेंदूतच असल्यामुळे अंग गार पडू लागते. म्हणून दर तासाला लघवी मोजायची, तेवढे पाणी शिरेतून भरून काढायचे, संप्रेरके आणि रक्तदाबाची औषधे थेंबाथेंबाने जुळवत राहायची, उबदार पांघरूण घालायचे, फुप्फुसांत स्राव साचू नये म्हणून तो ओढून काढायचा, कूस बदलायची आणि बुबुळे कोरडी पडू नयेत म्हणून डोळे मिटून ओलसर ठेवायचे. यातले एखादे काम तासभर राहून गेले तरी एखादा अवयव हातचा जाऊ शकतो. शरीराबाहेर काढल्यानंतर हृदय आणि फुप्फुसे साधारण 4 ते 6 तास, यकृत 12 तासांपर्यंत आणि मूत्रपिंडे 24 तास किंवा थोडी अधिक टिकतात, हे आकडे बातम्यांत येतात. त्याच्या आधीच्या तासांचा उल्लेख मात्र कुठेच नसतो, आणि रुग्णवाहिकेचा वेग कामी येतो तो त्या आधीच्या तासांमुळेच.

या शुश्रूषेचा मनावर पडणारा भार वेगळाच असतो. जिवंत माणसाची सेवा करायला आम्हाला शिकवलेले असते आणि मृत्यूनंतरचे सोपस्कारही शिकवलेले असतात. इथे मात्र केसपेपरवर मृत्यूची वेळ लिहिलेली असते आणि त्याच कागदाखाली मी दर तासाचा रक्तदाब नोंदवीत असते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक परिचारिका अशा वेळीही त्या व्यक्तीशी बोलत, ‘आता कुशीवर वळवते हं’ असे सांगूनच कूस बदलत. मीही बोलत असे. एका रात्री अशाच एका दात्याचा हात खाटेवर किंचित उचलला गेला आणि नव्याने रुजू झालेली मुलगी धावत बाहेर आली. मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रियांमुळे मेंदूमृत्यूनंतरही हातपाय हलू शकतात आणि त्याचा जाणिवेशी काहीही संबंध नसतो, हे तिने पुस्तकात वाचलेले होते. तरीही ती रात्र तिला फार जड गेली. विभागातील मावशींनी मला एकदा थेट विचारले होते, ‘सिस्टर, हृदय चालू आहे, मग माणूस गेला कसा?’ हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. तो सगळ्यांच्याच मनात असतो, फक्त विचारायचे धाडस मावशींना झाले. मी त्यांना तपासण्यांविषयी सांगितले. बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, घशात नळी हलवली तरी ठसका लागत नाही. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून, प्राणवायू चालू ठेवून, रक्तातील कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीपर्यंत वाढू देतात आणि एकही श्वास येत नाही याची खात्री करतात. हा निर्णय देणाऱ्या डॉक्टरांचा प्रत्यारोपण करणाऱ्या पथकाशी संबंध नसतो, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखर सैल झालेला मी पाहिला.

म्हणूनच बातम्यांतील एक वाक्य मला नेहमी खुपते. ‘नातेवाइकांनी संमती दिल्यानंतर व्हेंटिलेटर काढण्यात आला आणि रुग्णाची प्राणज्योत मालवली’, अशा अर्थाचे ते वाक्य असते. लिहिणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते, हे मी जाणते. पण या वाक्याने मृत्यूची वेळ चुकीच्या जागी जाते. मेंदूमृत्यू घोषित होतो त्या क्षणी ती व्यक्ती गेलेली असते, संमतीचा विषय त्यानंतर येतो आणि व्हेंटिलेटर बंद होतो तो अवयव काढून घेण्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान. क्रम उलटा छापला गेला तर वाचणाऱ्याला वाटणार की संमतीमुळे मृत्यू झाला. ज्या आईने सही केली तिने हे वाक्य वाचले तर तिला काय वाटेल? आणि रात्रभर त्या खाटेजवळ उभी राहिलेली परिचारिका ते वाचते तेव्हा, आपण नेमके कशात सहभागी झालो, हा प्रश्न तिला नव्याने छळू लागतो. ‘मेंदूमृत’ आणि ‘कोमात गेलेला’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणे हीदेखील तशीच चूक आहे. कोमातील रुग्ण जिवंत असतो आणि काही जण त्यातून बाहेरही येतात, मेंदूमृत्यूतून परत येणे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. शस्त्रक्रियागृहातून पेट्या निघाल्या की आमच्याकडे खाट रिकामी होते, चादर बदलली जाते आणि बरेचदा पाळी संपण्याआधीच तिथे दुसरा रुग्ण येतो. अवयव कुणाला मिळाले, ते चालू झाले का, ती माणसे घरी गेली का, यातले काहीही आम्हाला कळत नसे. गोपनीयतेचा नियम योग्यच आहे आणि तो पाळलाच पाहिजे, परंतु गोपनीयतेच्या नावाखाली संपूर्ण मौन पाळले जाई, आणि कुणी मुद्दाम तसे करत होते असेही नाही. सांगावे हे कुणाला सुचतच नसे. एका रुग्णालयात प्रत्यारोपणाच्या यशाबद्दल सत्कार समारंभ झाला, त्यात व्यासपीठावर शल्यचिकित्सक होते, व्यवस्थापन होते, परंतु ज्या अतिदक्षता विभागाने दात्याला 18 तास सांभाळले तिथल्या एकालाही निमंत्रण नव्हते. हारतुऱ्यांची अपेक्षा आम्हाला तेव्हाही नव्हती. निदान मूत्रपिंडे चालू झाली की नाही एवढे तरी कळावे, अशी इच्छा होती.

पुढे मी ज्या रुग्णालयात होते तेथे कर्मचाऱ्यांसाठी चार पानांचे मासिक वार्तापत्र निघत असे. बढत्या, निवृत्ती, कर्मचाऱ्यांच्या मुलांचे परीक्षेतील यश, नवी यंत्रसामग्री असा त्यातला मजकूर असे आणि ते बहुधा न उघडताच टेबलावर पडून राही. एका महिन्यात तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाने तिसऱ्या पानावर एक छोटी चौकट दिली. नाव नाही, वय नाही, गाव नाही, दिवसही नाही. आपल्या रुग्णालयातून काही काळापूर्वी गेलेल्या दोन्ही मूत्रपिंडांचे काम व्यवस्थित सुरू असून त्या दोन व्यक्तींचे डायलिसिस थांबले आहे. यकृत मिळालेली व्यक्ती घरी परतली आहे. हृदय मिळालेला रुग्ण मात्र वाचू शकला नाही. दोन बुबुळांचे रोपण झाले आहे. मजकूर एवढाच होता, पण त्या दिवशी वार्तापत्राच्या प्रती कमी पडल्या.

डायलिसिस थांबणे म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडलेला, पाण्याचा प्रत्येक घोट मोजून पिणारा माणूस आम्ही रोज पाहत होतो. सफाई विभागातील एका सहकाऱ्याने ती चौकट मला दोनदा वाचून दाखवायला लावली, रक्तपेढीतील तंत्रज्ञाने ती कापून कपाटाच्या दारावर चिकटवली आणि जी मुलगी त्या रात्री घाबरून बाहेर धावली होती ती म्हणाली, ‘सिस्टर, ती रात्र वाया नाही गेली.’ हृदयाच्या प्रत्यारोपणाला अपयश आले हेही लिहिले होते, याचे मला विशेष मोल वाटते. फक्त यशच कळवले असते तर आम्ही त्यावर इतका विश्वास ठेवला असता असे वाटत नाही. रोज मृत्यू पाहणाऱ्या माणसांना गोडगोड बातमी पुरत नाही.

त्यानंतर विभागात जो बदल झाला तो माझ्या डोळ्यांसमोर झाला. पूर्वी मेंदूमृत्यूची शंका आली तरी समन्वयकाला कळवायला टाळाटाळ होई, कारण ‘आणखी एक काम’ अशीच त्याकडे पाहण्याची दृष्टी होती. आता रात्रपाळीच्या परिचारिका आपणहून फोन करू लागल्या. नातेवाइकांशी बोलण्यासाठी एखादी शांत खोली मोकळी ठेवण्याची आठवण सुरक्षारक्षक करून देऊ लागले. मावशींनी स्वतः नेत्रदानाचा अर्ज भरला आणि घरच्यांना तसे सांगूनही ठेवले, कारण अर्ज भरला तरी ऐन वेळी घरच्यांनाच उभे राहावे लागते, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते.

स्पेनमध्ये 1989 मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि तेव्हापासून तिथे बहुतांशी अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांनाच समन्वयक नेमले जाते. अवयवदानाच्या प्रमाणात तो देश तीन दशकांहून अधिक काळ जगात अग्रभागी आहे. त्याची कारणे अनेक असतील, परंतु जिथे दाता असतो त्या विभागालाच या कामाचा मालक मानणे हे त्यातले महत्त्वाचे कारण आहे, असे माझ्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते.

बातमीची ताकद किती असते हे आपल्यापुढे मी काय सांगावे? 1994 मध्ये इटलीत फिरायला आलेल्या एका अमेरिकी कुटुंबाच्या मोटारीवर दरोडेखोरांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात 7 वर्षांचा निकोलस ग्रीन मरण पावला. त्याच्या आईवडिलांनी त्याचे अवयव आणि नेत्र दान केले, ते 7 जणांना मिळाले. त्या कुटुंबाने ही हकिगत जगापुढे ठेवली आणि वृत्तपत्रांनी ती घरोघरी पोहोचवली, तेव्हा पुढच्या दहा वर्षांत इटलीतील अवयवदानाचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले. तिथे लोकांच्या मनात राहिली ती सात माणसे. रुग्णवाहिकेचा वेग कुणाच्या ध्यानात असेल असे वाटत नाही.

माझ्या अपेक्षा थोड्याच आहेत. ज्या रुग्णालयातून अवयव गेले, त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांपर्यंत साधारण तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने ओळख न उघडणारी चार ओळींची माहिती पोहोचवणे हे समन्वयकाच्या कामाचा भागच मानले जावे. ती वार्तापत्रात यावी, सूचनाफलकावर यावी, किंवा पाळी बदलताना प्रभारी परिचारिकेने वाचून दाखवावी. लहान रुग्णालयात तारखेवरून ओळख पटण्याचा धोका असतो, म्हणून अनेक महिन्यांची माहिती एकत्र द्यावी. ज्या कुटुंबांनी संमती दिली नाही त्यांच्याविषयी मात्र कुठेही, कोणत्याही स्वरूपात, एक अक्षरही लिहिले जाऊ नये. नकार देणाऱ्या बापाचे दुःख होकार देणाऱ्या बापाच्या दुःखाहून कमी नसते आणि त्याच्याशी बोलताना आमच्या आवाजात फरक पडला तर तो आमचा दोष आहे. हे मी नव्या परिचारिकांना सांगत आले आहे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी लिहिताना मृत्यूची वेळ मेंदूमृत्यूच्या घोषणेची लिहावी, आणि रस्ता मोकळा झाल्याचे सांगून झाले की एक फोन त्या अतिदक्षता विभागात करावा. नावे विचारू नयेत. त्या रात्री पाळीवर किती जण होते आणि त्यांनी काय काय केले, एवढे विचारावे. पाळीवरची माणसे बोलायला तयार नसतील तर तसे छापले तरी चालेल. मग सहा महिन्यांनी, जमल्यास, तोच वार्ताहर प्रत्यारोपण झालेल्या रुग्णालयाकडेही चौकशी करून पुढची बातमी देऊ शकेल. माझ्याकडच्या कात्रणांच्या गठ्ठ्यात अशी दुसरी बातमी अजून एकही नाही. ती आली तर मी ती माझ्या जुन्या विभागाच्या सूचनाफलकावर स्वतः नेऊन लावीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका